चूक राहते कुठे?

प्रोग्राममधली चूक सापडण्याआधी कुठे असते, हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो मुळात ज्ञानशास्त्राचा आहे. भ्रम म्हणजे काय, कारण कशाला म्हणावे, एखादी गोष्ट नाही हे कशावरून कळते आणि दुसऱ्याच्या शब्दावर कुठवर विसंबावे, या चार प्रश्नांवर न्याय, मीमांसा, वेदान्त आणि बौद्ध परंपरांनी शतकानुशतके वाद घातला. बिघडलेला प्रोग्राम दुरुस्त करायला बसलेला माणूस रोज याच चार प्रश्नांतून जातो, बहुधा त्यांची शास्त्रातली नावे ठाऊक नसताना.

प्रश्न नेमका कळावा म्हणून एक उदाहरण घेणे बरे. भंडारा जिल्हा धानाचा. शेतीचे तुकडे लहान, आणि एकेका सातबाऱ्यावर भावाभावांची नावे. पीककर्ज क्षेत्र पाहून मिळते, त्यामुळे गावच्या सेवा सहकारी सोसायटीला प्रत्येकाचा हिस्सा नीट नोंदवावा लागतो. समजा, साकोलीतल्या एका प्रोग्रामरने अशा सोसायटीसाठी छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात गटाचे एकूण क्षेत्र भरायचे, खाली एकेका खातेदाराचा हिस्सा भरायचा, आणि हिश्श्यांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळली तरच नोंद पुढे सरकायची. एका गटाचे क्षेत्र ०.६० हेक्टर आहे, म्हणजे दीड एकराला किंचित कमी. तिघा भावांचे हिस्से ०.१०, ०.२० आणि ०.३० हेक्टर. नोंद भरली की प्रोग्राम सांगतो : बेरीज जुळत नाही. पडद्यावर पाहावे तर एकूण क्षेत्र ०.६० आणि बेरीजही ०.६०.

ऑपरेटर प्रोग्राम बंद करतो, संगणक रिस्टार्ट करतो आणि नावे पुन्हा भरतो. या खेपेला कागद उलटा धरल्यामुळे म्हणा किंवा हाताला आले तसे म्हणा, ०.३० वाला भाऊ आधी येतो आणि ०.१० वाला शेवटी. नोंद बिनतक्रार पुढे जाते. सोसायटीत निष्कर्ष निघतो की सिस्टम हँग झाली होती, रिस्टार्ट मारल्यावर ठीक झाली.

खरा प्रकार असा आहे. संगणक अपूर्णांक साठवतो ते द्विमान पद्धतीत. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा ०.३३३ असा न संपणारा निघतो, तसा द्विमान पद्धतीत एक दशांश न संपणारा निघतो. यंत्राजवळ जागा ठरावीक, म्हणून तो कुठेतरी तोडून सर्वांत जवळची संख्या ठेवावी लागते. हे कसे करायचे याचे आयईईई ७५४ नावाचे मानक १९८५ पासून आहे, आणि आजचे जवळपास सगळे प्रोसेसर त्याप्रमाणे चालतात. या मानकाच्या नेहमीच्या दुहेरी अचूकतेत ०.१० मध्ये ०.२० मिळवले की उत्तर ०.३० पेक्षा सतराव्या दशांशस्थळी चाराने जास्त येते. त्यात आणखी ०.३० मिळवले की ०.६० च्या सोळाव्या स्थळी एक उरतो. उलट क्रमाने गेले तर ०.३० आणि ०.२० ची बेरीज बरोबर ०.५० होते, त्यात ०.१० मिळवल्यावर येणारी संख्या यंत्रातल्या ०.६० शी तंतोतंत जुळते. म्हणजे धाकट्या हिश्श्यापासून सुरुवात केली की नोंद अडते, थोरल्यापासून केली की सरकते. पडद्यावर दोनच दशांशस्थळे छापलेली असल्याने फरक कुणाला दिसत नाही.

आता चूक कुठे आहे? प्रोसेसर मानकाप्रमाणे वागला. प्रोग्रामिंगची भाषा मानकाप्रमाणे वागली. बेरीज एकूण क्षेत्राइतकी असावी ही सोसायटीची अट रास्त आहे. सातबारा बरोबर आहे, ऑपरेटरने आकडे बरोबर भरले, आणि प्रोग्रामरने लिहिलेली तुलनेची ओळ कागदावरच्या गणितात निर्दोष आहे. एकेक भाग वेगळा काढून तपासला तर कुठेच दोष हाती लागत नाही, आणि तरी शेतकऱ्याचे कर्ज अडलेले असते.

भ्रमाच्या मीमांसेला संस्कृत शास्त्रांत ख्यातिवाद म्हणतात. तिचे ठरलेले उदाहरण म्हणजे शिंपल्याच्या जागी चांदी दिसणे. नैयायिक म्हणतात, शिंपलाही खरा आणि चांदीही खरी; फक्त चांदी दुसरीकडे आहे, आणि तिचा धर्म पाहणाऱ्याने समोरच्या वस्तूवर लावला. याला ते अन्यथाख्याती म्हणतात. वरच्या उदाहरणाला हे फार चपखल लागू पडते. बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही हा धर्म खरा आहे, पण तो कागदावरच्या संख्यांचा. प्रोग्रामरने तो यंत्रातल्या संख्यांवर लावला. प्राभाकर मीमांसकांचे म्हणणे याहून सौम्य आहे. त्यांच्या मते खोटे ज्ञान असे काही नसतेच. दोन खऱ्या ज्ञानांतला फरक लक्षात आला नाही, इतकेच घडते. पडद्यावरचे ०.६० आणि स्मृतीतले ०.६० या दोन गोष्टी एकच समजल्या गेल्या. अद्वैत्यांना ही दोन्ही उत्तरे पुरेशी वाटत नाहीत. जे दिसले ते काही काळ दिसले खरे, म्हणून त्याला असत् म्हणता येत नाही, आणि नंतर बाधित झाले म्हणून सत् म्हणता येत नाही, ते अनिर्वचनीय.

तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे : चूक समोरच्या वस्तूत नाही, जाणणाऱ्याच्या बाजूला आहे. प्रोग्रामरने हे मनावर घ्यावे असेच आहे. मशीन येडं झालं, कॉम्प्युटरचा मूड नाही, असे बोलणे कचेऱ्यांतून सर्रास चालते. त्याने यंत्राला इच्छा चिकटवली जाते आणि शोध तिथेच थांबतो. यंत्राला लहर नसते. जे घडले ते लिहिलेल्या ओळींमुळे, भरलेल्या आकड्यांमुळे किंवा यंत्राच्या भौतिक स्थितीमुळे घडले.

तरीही सगळा भार जाणणाऱ्यावर टाकून भागत नाही, कारण नोंद खरोखर अडते आणि अडचण बाहेरच्या जगात घडते. इथे बौद्ध विचार जास्त पुढे नेतो, आणि भंडारा जिल्ह्यात तो विचार परका नाही. वैनगंगेकाठच्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. तिथे इसवी सनापूर्वीच्या काळातला मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. अलीकडचा धागा तर अजून जिवंत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी शेजारच्या नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतल्यावर या जिल्ह्यातली गावेच्या गावे त्या वाटेने गेली. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात जग दैवी इच्छेने नव्हे तर कार्यकारणाने चालते, यावर फार जोर आहे.

बुद्धाच्या प्रतीत्यसमुत्पादाचा गाभा असा की कोणतीही गोष्ट एकटी, आपल्या बळावर उभी नसते. अमुक असले की तमुक होते, अमुक गेले की तमुक जाते. नागार्जुनाने यातून पुढे काढले की ज्याला स्वतःचा स्वभाव नाही ते शून्य, आणि शून्य म्हणजे अभाव नव्हे. सोसायटीच्या प्रोग्राममधली चूक अशीच आहे. ती प्रोसेसरमध्ये नाही, मानकात नाही, तुलनेच्या ओळीत नाही, भावांच्या क्रमात नाही. हे सगळे एकत्र येतात तेव्हा ती उद्भवते, आणि यातले कोणतेही एक बदलले की ती नाहीशी होते. ती खरी आहे, पण तिला स्वतःचे घर नाही.

याचा व्यवहारात मोठा परिणाम होतो. चूक दुरुस्त करायच्या जागा एकाहून जास्त निघतात. क्षेत्र हेक्टरमध्ये न ठेवता चौरस मीटरच्या पूर्णांकांत ठेवता येते : १,०००, २,००० आणि ३,००० यांची बेरीज कोणत्याही क्रमाने ६,०००च येते. किंवा दशमान संख्यांचा खास प्रकार वापरता येतो. किंवा तुलना करताना अगदी लहान फरक चालवून घेता येतो. किंवा, जे कधीच करू नये, ऑपरेटरला सांगता येते की मोठा हिस्सा आधी भरत जा. चारही उपायांनी नोंद पुढे जाते. पण पहिल्यात दोष मोजमापाचा ठरतो, दुसऱ्यात निवडलेल्या संख्याप्रकाराचा, तिसऱ्यात अटीच्या कडकपणाचा, आणि चौथ्यात ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाचा. चुकीचे कारण शोधणे हे ज्ञान आहे; तिचे ठिकाण ठरवणे हा निर्णय आहे, आणि त्याची जबाबदारी निर्णय करणाऱ्यावर असते. न्यायसूत्रांनी सोळा पदार्थांत प्रमाणाबरोबर, म्हणजे ज्ञानाच्या साधनाबरोबर, प्रयोजनालाही स्वतंत्र जागा दिली ती या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कशासाठी जाणायचे हे ठरल्याशिवाय कुठे दुरुस्त करायचे हे ठरत नाही.

कारण हाती कसे येते, हा पुढचा प्रश्न. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात आणि त्याच काळातल्या विश्वनाथाच्या भाषापरिच्छेदात कारणाची व्याख्या आहे. कार्याच्या आधी नेहमी असणे एवढे तिला पुरत नाही. ती गोष्ट अन्यथासिद्ध नसावी, म्हणजे तिच्यावाचूनही कार्य घडले असते अशी नसावी. उदाहरण कुंभाराच्या गाढवाचे देतात. माती गाढवावरून आली, म्हणून गाढव घड्याच्या आधी होते खरे. पण ते घड्याचे कारण नव्हे, माती दुसऱ्या कशानेही आणता आली असती. सोसायटीतला रिस्टार्ट हे असेच गाढव आहे. तो दुरुस्तीच्या आधी घडला, पण काम केले ते नावांच्या बदललेल्या क्रमाने. रिस्टार्टने खरोखर सुटणाऱ्या अडचणीही असतात : स्मृती भरून गेलेली असते, एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रामने अडकवून ठेवलेली असते. म्हणूनच हा गैरसमज इतका टिकाऊ आहे. रिस्टार्ट एकाच फटक्यात शंभर गोष्टी बदलतो, आणि शंभरातली कोणती कामी आली ते कायमचे झाकून टाकतो.

यावर शास्त्राचा उपाय अन्वय-व्यतिरेक. एक गोष्ट ठेवून पाहायची, मग तीच काढून पाहायची, आणि बाकी काही हलवायचे नाही. संगणक तोच, प्रोग्राम सुरूच, हिस्से तेच. फक्त क्रम बदलायचा. अडते, सरकते, पुन्हा अडते. एवढे झाले की रिस्टार्टचा दावा संपला. मग हिस्से बदलायचे : ०.१० आणि ०.३० ची बेरीज ०.४० शी जुळते, ०.१० आणि ०.७० ची ०.८० शी जुळत नाही. इथे नवशिका फसतो, कारण काही गट अडतात आणि काही नाही हे पाहून तो गटांतच कारण शोधू लागतो. अडलेल्या गटांचा फेरफार अलीकडचा आहे, म्हणून फेरफार हेच कारण, असा त्याचा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, असतो. फेरफार झालेला पण न अडलेला एक गट सापडला की तो हेतू कोसळतो. न्यायाच्या भाषेत हा सव्यभिचार हेत्वाभास. साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, जिथे नाही तिथेही हेतू आढळतो.

मोठ्या प्रोग्राममध्ये हीच रीत यंत्राच्या मदतीने चालते. प्रोग्रामच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात बायसेक्ट नावाची सोय आहे. मागच्या हजार बदलांपैकी कोणत्या बदलाने बिघाड आला हे शोधायचे असेल तर ते मधला बदल काढून देते. तो चांगला की वाईट हे सांगितले की उरलेल्यांचा निम्मा भाग गळतो. हजारांतून एक निवडायला साधारण दहा तपासण्या लागतात. पण साधन सांगते ते कोणत्या बदलानंतर बिघाड दिसू लागला एवढेच. तो बदल कारण आहे की आधीपासून दबलेल्या कारणाला वाट करून देणारे निमित्त, हे ठरवायला माणूसच लागतो.

‘नाही’ हे कसे कळते, या प्रश्नाकडे प्रोग्रामर मंडळींनी सर्वांत कमी लक्ष दिले आहे, आणि दर्शनांनी तो सर्वांत बारकाईने सोडवला आहे. समोर एखादी वस्तू दिसली नाही एवढ्यावरून ती नाही म्हणता येईल का? सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाच्या परंपरेने आणि पुढे अद्वैत्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी तसे मानले नाही, अभाव प्रत्यक्षानेच कळतो असे म्हटले. पण एका अटीवर दोन्ही पक्ष ठाम आहेत. न दिसणे योग्य असले पाहिजे. म्हणजे ती वस्तू असती तर या परिस्थितीत दिसलीच असती, अशी खात्री हवी. अंधारात घडा दिसला नाही, याने घड्याचा अभाव सिद्ध होत नाही.

सोसायटीचा प्रोग्रामर काय करतो? संशय आल्यावर तो लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या कामाच्या नोंदवहीत, बेरीज आणि एकूण क्षेत्र दोन्ही लिहवून घेतो. लॉग उघडतो तर दोन्हीकडे ०.६०. तो म्हणतो, आकड्यांत फरक नाही, दोष दुसरीकडे आहे; आणि सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस असा हिंडत राहतो. त्याच्या लॉगने आकडा दोन दशांशस्थळांवर छापला होता. फरक सोळाव्या स्थळी आहे. तो असता तरी या लॉगमध्ये दिसलाच नसता, तेव्हा न दिसणे हे इथे प्रमाणच नव्हते. त्याने आधी विचारायला हवे होते : फरक असता तर हा लॉग तो दाखवू शकला असता का? हा एक प्रश्न विचारायची सवय लागली तर दुरुस्तीतला निम्मा वेळ वाचतो. लॉगमध्ये एरर नाही, टेस्टमध्ये काही निघाले नाही, आमच्याकडे तर चालतंय. ही तिन्ही वाक्ये अनुपलब्धीची आहेत, आणि तिन्हींचीही योग्यता तपासल्याशिवाय त्यांना किंमत नाही. आमच्याकडे चालतंय म्हणणाऱ्याने तिन्ही भाऊ थोरल्या हिश्श्यापासून भरले असतील.

दिसण्याच्या बाबतीतला धोका मराठीत काम करणाऱ्याला जास्त भेटतो. वऱ्हाड या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठवता येतो : टिंबाच्या ऱ चे एकच चिन्ह वापरून, र आणि नुक्ता अशी दोन चिन्हे जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. तिन्ही पडद्यावर सारखेच उमटतात. शोधताना मात्र एका प्रकाराने टाइप केलेले नाव दुसऱ्या प्रकाराने साठवलेल्या यादीत सापडत नाही, आणि ऑपरेटर अर्जदाराला सांगतो की तुमचे नावच नाही. उलट प्रकार जुन्या कृतिदेव फॉन्टचा. त्यात टाइप केलेला भंडारा हा शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की एच, के, ए, एम, के, जे, के अशी इंग्रजी अक्षरे दिसतात. साठवलेले एकच, रूपे दोन. प्रत्यक्षाला पहिले प्रमाण मानणाऱ्या परंपरेनेही प्रत्यक्ष निर्दोष असल्याची अट घातली आहे. पडदा पाहणे म्हणजे आकडा पाहणे नव्हे, आकड्याने घेतलेले रूप पाहणे होय.

उरला शब्द. एरर मेसेज, सूचनापुस्तिका, जुन्या सहकाऱ्याने सांगितलेले, हे सगळे शब्दप्रमाण. न्यायाच्या मते आप्ताचा शब्द प्रमाण, आणि आप्त म्हणजे ज्याला गोष्ट जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो तशीच सांगतो. एरर मेसेज खोटे बोलत नाही, पण त्याचे ज्ञान तोकडे असते. बेरीज जुळत नाही हा मेसेज अक्षरशः खरा होता. का जुळत नाही हे त्याला ठाऊक नव्हते. शब्दाचा काळही पाहावा लागतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या कागदावर आमगावपुढे जिल्हा भंडारा लिहिले असेल तर तो कागद चुकीचा नाही; आजची यादी घेऊन त्याला नाकारणारा प्रोग्राम चुकीचा आहे.

शब्दावरचा विश्वास किती खोल जातो हे केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवले. प्रोग्रामच्या ओळी यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर असा बिघडवता येतो की तो इतर प्रोग्राममध्ये गुपचूप भर घालेल, आणि नवा कंपायलर तयार करतानाही तीच खोड त्यात उतरवील, जरी वाचायला मिळणाऱ्या ओळींत तिचा मागमूस नसला तरी. म्हणजे स्वतः न लिहिलेल्या कोणत्याही साधनावरचा भरवसा शेवटी माणसांवरचा भरवसा असतो.

मग संशय थांबायचा कुठे? प्रोसेसरवर, कंपायलरवर, स्वतःच्या डोळ्यांवर असा संशय वाढवत नेला तर दुरुस्ती कधीच सुरू होणार नाही. दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत याची मर्यादा घातली : संशय व्याघातापर्यंतच. ज्या गोष्टीवर विसंबून माणूस कृती करतो आहे तिच्यावरच संशय घेतला तर त्याची कृती आणि त्याचा संशय एकमेकांना खोडतात. प्रोग्रामर मापण्यासाठी ज्या साधनावर टेकला आहे ते साधन त्या क्षणी संशयाबाहेर असते. त्यावर संशय घ्यायचा तर आधी टेकायला दुसरे साधन शोधावे लागते. अनुभवी माणूस आधी स्वतः काल लिहिलेल्या ओळींवर संशय घेतो, मग त्या वापरत असलेल्या लायब्ररीवर, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार ओळींवर, आणि अगदी शेवटी कंपायलरवर. हा क्रम सोयीपुरता नाही. जी गोष्ट हजारो लोक रोज वापरून पाहतात तिच्यातला दोष दिसण्याची शक्यता जास्त, म्हणून तिच्याबाबतीत न दिसणे हे जास्त योग्य प्रमाण आहे.

दुरुस्तीनंतरच्या खात्रीलाही हीच मर्यादा लागते. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६९-७० च्या सुमारास मांडले की चाचणीने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे कधीच दाखवता येत नाही. अनुपलब्धीच्या अटीत बसवून पाहिले तर हे विधान थोडे मृदू होते. जिथे संभाव्य सगळ्या स्थिती तपासता येतात तिथे न दिसणे योग्य ठरते आणि अभाव सिद्ध होतो. क्षेत्र चौरस मीटरच्या पूर्णांकांत ठेवले की बेरजेचा क्रम बदलून फरक पडत नाही हे गणिताने सिद्धच करता येते, एकेक सातबारा भरून पाहावा लागत नाही. थोडा फरक चालवून घेण्याच्या उपायात ही सोय नाही. किती फरक चालवावा याचा आकडा अंदाजाने निवडलेला असतो, आणि खातेदार तिघांऐवजी तीनशे झाले, तर तो पुरेल की नाही हे पुन्हा तपासावे लागते. सोसायटीच्या प्रोग्रामसाठी पूर्णांकांचा उपाय श्रेष्ठ ठरतो तो याच कारणाने, आणि चौरस मीटर हे एकक सातबाऱ्यावर हेक्टर-आर-चौरस मीटर अशा लिहिण्यात आधीपासून आहेच.